जुने नाट्यगृह दुरुस्त करताना या चुका टाळा

जुन्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीला निधी मंजूर झाला की पहिली निविदा बहुधा खुर्च्यांची निघते, कारण उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या सर्वांना दिसतात आणि छपराचे वासे कोणालाच दिसत नाहीत. बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे. आधी पाणी, मग लाकूड, त्यानंतर वीज आणि ध्वनी, आणि खुर्च्या व रंगकाम सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

भिंतीला ओल दिसताच सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. दगड-चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंट ती वाट बंद करते, त्यामुळे पाणी आतच अडकते, क्षार वर येतात आणि काही पावसाळ्यांतच नव्या गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. म्हणून आधी ओल कोठून येते ते पाहावे. जमिनीपासून गुडघा-कमरेपर्यंत सलग पट्टा असेल तर ओल इमारतीच्या पायातून चढते आहे, आणि अशा वेळी बाहेर जाऊन पाहिल्यास रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून इमारतीचे जोते बुडालेले आढळण्याची शक्यता मोठी असते. डाग वरून खाली उतरत असतील तर फुटके कौल किंवा तुंबलेली पन्हळ शोधावी. डाग फक्त वातानुकूलन चालू असतानाच उमटत असतील, तर थंड पृष्ठभागावर बाष्प जमते आहे. कारण दूर करून भिंत पुरती सुकू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा करावा.

त्यानंतरची चूक म्हणजे कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, न तपासता खाली जिप्समचे छत बसवणे. गळती आणि वाळवी या छताआड वर्षानुवर्षे दडून राहते. छत हवेच असेल तर वर माणूस फिरू शकेल अशी फळ्यांची वाट आणि उतरण्याचे दार ठेवावे.

विजेची जुनी वायरिंग तशीच ठेवून त्यावर नवे दिवे आणि वातानुकूलन यंत्रांचा भार टाकू नये. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. रंगमंच आणि छप्पर जळाले. लाकूड आणि पडद्यांनी भरलेल्या वास्तूत आग किती वेगाने पसरते, हे त्या रात्री साऱ्यांनी पाहिले. रंगमंच, प्रेक्षागृह आणि वातानुकूलन यांचे विद्युत मंडल वेगळे ठेवावे, पडद्यांवर अग्निरोधक प्रक्रिया करावी, आणि बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या बाजूस उघडतील व प्रयोगाच्या वेळी त्यांना कुलूप नसेल, याची खातरजमा करावी.

नूतनीकरणानंतर संवाद घुमतात, अशी तक्रार आली की ध्वनिवर्धक वाढवले जातात, आणि गोंधळ आणखी वाढतो. मूळ दोष बहुधा नव्या काचा, फरशी आणि गुळगुळीत भिंतींत असतो. बोलक्या नाटकाला साधारण एका सेकंदाच्या आसपासचा घुमाव, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा नाद विरायला लागणारा वेळ, पुरतो. तेव्हा मागच्या भिंतीवर ध्वनी शोषणारे आवरण आणि कापडी गादीच्या खुर्च्या हा पहिला उपाय होय. रंगमंचावर ग्रॅनाइट बसवणे मात्र अक्षम्य आहे: नर्तकांच्या गुडघ्यांना त्याचा त्रास होतो, आणि नेपथ्याला आधार द्यायला खिळाही ठोकता येत नाही. खाली पोकळी असलेली लाकडी जमीनच ठेवावी.

खुर्च्यांचे म्हणाल तर नव्या खुर्च्यांची पाठ उंच असते. एकच रांग बसवून मागच्या ओळीतून आणि बाल्कनीतून रंगमंचाची पुढची कड दिसते का, ते पाहावे, आणि उरलेली मागणी नंतर नोंदवावी.