कुणाच्या घरातली गोष्ट टीव्हीवर न्यायची असेल तर: डॉक्युमेंटरी करताना काय काय सांभाळायचं

विषय मिळाला म्हणजे डॉक्युमेंटरी मिळाली असं होत नाही हो. व्यसन, घटस्फोट, बेकारी, म्हातारपण हे सगळे विषय आहेत, त्यांच्यावर भाषण होऊ शकतं, लेख होऊ शकतो, पण रात्री दमून टीव्हीसमोर बसलेला माणूस तासभर हलत नाही तो एखाद्या माणसासाठी, हिचं आता काय होणार म्हणून. त्यामुळे आधी माणूस शोधा. आणि असा माणूस शोधा ज्याच्या आयुष्यात पुढच्या काही महिन्यांत काहीतरी होणार आहे, केसचा निकाल लागणार आहे, मूल घरी परत येणार आहे, घर सोडावं लागणार आहे. जे सगळं होऊन गेलंय त्याच्यावर फक्त मुलाखती मिळतात.

मी एकदा एका बाईंवर फिल्म केली होती, इथे त्यांना ताईच म्हणते. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झालेला, घरात दोघीच. पुढची बरीचशी उदाहरणं त्याच फिल्ममधली देते कारण जे शिकले ते तिथेच शिकले.

पहिले काही दिवस कॅमेरा नेऊच नका. नुसतं जा, बसा, हाताला काही काम लागलं तर करा, बघा. मी चौथ्या की पाचव्या भेटीत दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या चिठ्ठ्या नीट वाचल्या. ताई कामाला जाताना आईसाठी लिहून ठेवायच्या. खालच्या जुन्या चिठ्ठ्या बारीक अक्षरात, ‘मी सहा वाजता येते, दार आतून लावून घे, कुणाला उघडू नकोस.’ त्यावरच्या जरा मोठ्या अक्षरात, ‘सहाला येते.’ आणि सगळ्यात वरची, जाड मार्करने, एकच शब्द, ‘थांब’. आजार जसा वाढला तसं अक्षर मोठं होत गेलं आणि वाक्य लहान होत गेलं. मी याआधी दोन डॉक्टरांच्या मुलाखती ठरवल्या होत्या, त्या रद्द केल्या. पहिल्याच दिवशी कॅमेरा घेऊन गेले असते तर मी ताईंचा चेहरा शूट करत बसले असते आणि दार पाठीमागे राहिलं असतं.

आता संमती. यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. संमतीपत्रावर सही घेतली की काम झालं असं वाटतं, पण ज्या माणसाने कधी स्वतःला टीव्हीवर बघितलेलं नाही त्याला आपण कशाला हो म्हणतोय हेच माहीत नसतं. म्हणून सहीच्या आधी स्वच्छ सांगायचं की हे तुमचे शेजारी बघणार, ऑफिसमधले बघणार, ज्यांच्याशी तुमचं पटत नाही तेही बघणार, एकदा दाखवून संपणार नाही, तुकडे फोनवर फिरतील, आणि दहा वर्षांनी तुमच्या मुलाला कुणीतरी हे दाखवेल. एवढं ऐकून माणूस म्हणाला की मला विचार करू दे, तर करू द्या, दुसरा माणूस शोधावा लागला तरी चालेल. आणि हो म्हणाला तरी दर वेळी शूटला जाताना परत विचारा, ‘आज शूट करू का? आज काय नको?’ कारण काल हो म्हणालेला माणूस आज भांडून बसलेला असतो.

ताईंच्या आईचं काय, त्यांना तर संमती देताच येत नव्हती. कागदावर ताईंनी सही केली, कायद्याने ते पुरलं असेल, मला पुरलं नाही. फ्रेडरिक वाइजमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या हॉस्पिटलवर ‘टिटिकट फॉलीज’ ही डॉक्युमेंटरी केली, तिथल्या माणसांच्या खासगीपणाच्या मुद्द्यावरून कोर्टाने ती सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवायला बंदी घातली आणि ती उठायला १९९१ उजाडलं. तिथे होणारा छळ जगाला दिसायलाच हवा होता, हेही खरं, आणि ज्यांना हो-नाही म्हणता येत नव्हतं त्यांची उघडी शरीरं पडद्यावर आली हेही खरं. मला याचं एक सोपं उत्तर सापडलेलं नाही. मी माझ्यापुरता नियम केला, आजींनी तोंड फिरवलं किंवा हात वर केला की कॅमेरा खाली, आंघोळ आणि कपडे बदलणं अजिबात शूट करायचं नाही, ताई हो म्हणाल्या तरी नाही.

शूटिंगचं टेक्निकल फार सांगत नाही, कॅमेऱ्याबद्दल माहिती ढीगभर मिळते. आवाजाबद्दल मात्र सांगते, कारण चित्र थोडं हललं तर प्रेक्षक चालवून घेतो पण आवाज कळला नाही की चॅनल बदलतो. घरात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फ्रिज. मुलाखतीच्या आधी बंद करा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय तुम्हाला निघताच येणार नाही, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि खरंच कामाला येते. प्रत्येक खोलीत कुणीही न बोलता एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन वाक्यं जोडताना मधली भेग त्यानेच भरते. कॉलर माइक लावला असेल तर समोरच्याला त्याचं बटण कुठे आहे ते दाखवून ठेवा आणि त्याच्या हाताने एकदा बंद-चालू करून घ्या. माणसं पाच मिनिटांत माइक विसरतात, आतल्या खोलीत जाऊन फोनवर बोलतात, आणि इकडे तुमच्या हेडफोनमध्ये सगळं ऐकू येत असतं. असं झालं की हेडफोन काढा, आणि नंतर त्यांना सांगा की रेकॉर्ड झालंय, ठेवू की पुसू.

मुलाखत शक्यतो हाताने काहीतरी चालू असताना घ्या. कपड्यांच्या घड्या घालताना माणूस जे बोलतो ते खुर्चीत बसवल्यावर बोलत नाही. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा प्रश्न विसरून जा, त्याचं उत्तर ‘वाईट वाटतं’ एवढंच येतं. त्याऐवजी, ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?’ असं विचारा. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न नको, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. त्या शांततेत माणूस स्वतःहून पुढचं सांगतो आणि बहुतेक वेळा तेच फिल्ममध्ये राहतं. पण एक लक्षात ठेवा, या युक्तीने माणूस ठरवलं होतं त्याहून जास्तही बोलून जातो. म्हणून मुलाखत संपल्यावर विचारायचं, ‘यातलं काही बाहेर जायला नको असं वाटतंय का?’ ताईंनी एकदा सांगितलं होतं की एका रात्री आईवर हात उचलला गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या नको. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला, म्हणाल्या ठेवा, माझ्यासारख्या किती जणी असतील.

रडणं परत करून घेऊ नका, कधीच नाही. दार उघडून आत येण्याचा शॉट चुकला म्हणून परत या म्हणणं वेगळं, पण बातमी ऐकल्याचा चेहरा ‘अजून एकदा करता का’ असं विचारलं की त्या दिवसापासून समोरचा तुमच्यासाठी ॲक्टिंग करायला लागतो.

एडिटला बसल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. ६० तास शूट केलं आणि फिल्म ५२ मिनिटांची करायची (परदेशातल्या बऱ्याच चॅनलवर तासाच्या स्लॉटची लांबी एवढी धरतात) तर दर मिनिटामागे तासाभराहून जास्त फुटेज बाहेर राहतं, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य तुम्हीच निवडत असता. ‘हूप ड्रीम्स’ या, बास्केटबॉलची स्वप्नं बघणाऱ्या दोन अमेरिकन मुलांवरच्या डॉक्युमेंटरीसाठी पाच वर्षं शूट करून २५० तासांच्या आसपास फुटेज जमलं होतं आणि फिल्म झाली तीन तासांच्या आतली. अमेरिकेत १९७३ मध्ये ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ मालिका लागली, ३०० तासांच्या फुटेजमधून १२ भाग, त्यात नवरा-बायकोचं वेगळं होणंसुद्धा कॅमेऱ्यासमोर झालं, आणि नंतर त्या कुटुंबाची तक्रार हीच होती की आमचे बरे दिवस कापले. त्यामुळे जोडाजोड करताना स्वतःला विचारत जा, ही प्रतिक्रिया याच वाक्यावरची आहे ना? मंगळवारचा वैतागलेला चेहरा शुक्रवारच्या बोलण्यावर लावला की ते खोटं, मग सीन कितीही छान जमू दे.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, झाला की फिल्ममधल्या माणसाला दाखवा, चॅनलच्या लोकांबरोबर नाही, आधी त्याला एकट्याला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९६७ मध्ये फोगो बेटावर हेच केलं होतं, कॉलिन लो यांच्या टीमने बेटावरच्या लोकांना त्यांचं फुटेज आधी दाखवलं, नको ते काढायची मुभा दिली, आणि त्या फिल्म बघून लोक एकमेकांशी आणि सरकारशी बोलायला लागले. बरेच डायरेक्टर घाबरतात की माणूस सगळंच काढायला सांगेल. माझा अनुभव तसा नाही. फक्त आधीच ठरवून सांगा, चुकीची माहिती, कुणाच्या जिवाला धोका आणि तिसऱ्याची बदनामी हे तुम्ही म्हणाल तसं बदलू, बाकी मांडणी आमची. ताईंनी एकच गोष्ट काढायला लावली, आईचा विस्कटलेल्या केसांचा एक शॉट. म्हणाल्या, ‘ती भानावर असती तर असं कुणासमोर आली नसती.’ मला तो शॉट खूप आवडत होता, काढला.

ओळख लपवायची असेल तर नुसता चेहरा धूसर करून भागत नाही हे माझ्या अंगाशी आलंय. एका दुसऱ्या कामात आम्ही एका बाईंचा चेहरा धूसर केला होता, आवाज तसाच ठेवला, आणि त्यांच्या सासरच्यांनी दोन वाक्यांत ओळखलं. आवाज मशीनने नुसता जाडा केला तरी बोलायची ढब तीच राहते, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडून ते शब्द वाचून घ्या. आणि खिडकीबाहेरचं दृश्य, हातावरचं गोंदण, मुलाचा युनिफॉर्म, भिंतीवरचा फोटो, हे सगळं फ्रेम करतानाच टाळा.

शेवटची गोष्ट प्रोमो. तो तुम्ही बनवत नाही, चॅनलची वेगळी माणसं बनवतात आणि ती तुमच्या ५२ मिनिटांतले सगळ्यात रडके ३० सेकंद उचलतात. ताईंच्या फिल्मचं तसंच झालं, हात उचलल्याचं वाक्य मागचं-पुढचं सोडून प्रोमोत लागलं, मी भांडून काढून घेतलं पण तोवर ते दोन दिवस दिसलं होतं. तेव्हा करारातच लिहून घ्या की प्रोमो आणि जाहिरातीचा फोटो आधी तुम्हाला दाखवायचा. प्रसारणाची तारीख माणसाला चॅनलवरून कळता कामा नये, तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आणि त्या रात्री त्यांच्या घरी जा किंवा निदान फोन जवळ ठेवा. ताईंच्या घरी मी गेले होते. फिल्म चालू असताना आजी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, ‘ही मुलगी किती काम करते गं.’ ताई काही बोलल्या नाहीत, आवाज थोडा वाढवला.