एआरएम कॉम्प्युटरवर जायचंय? आधी यादी, मग मशीन

माझा स्कॅनर दहा वर्षांचा, पण ठणठणीत. यूएसबी लावली की तोच ओळखीचा खर्रर्र आवाज. नवा एआरएम (म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा) लॅपटॉप आणला, स्कॅनर जोडला, आवाज झाला, हिरवा दिवाही लागला. पुढे काहीच नाही. ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर आणि कॉम्प्युटरची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकायला गेलो तर इन्स्टॉलर निम्म्यावर अडला. गंमत अशी की त्याच लॅपटॉपवर माझी बाकीची जुनी सॉफ्टवेअर विनातक्रार चालत होती. असं का होतं हे कळलं, तर नव्या प्रोसेसरवर जाण्यातलं निम्मं काम उरकतं. उरलेलं निम्मं म्हणजे पैसे मोजण्याआधी करायची एक यादी.

नेमकं बदलतंय काय

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक सूचनाच कळतात. बहुतेक पीसींमधला सूचनांचा संच म्हणजे एक्स८६. त्याचं मूळ १९७८ सालच्या इंटेल ८०८६ या चिपमध्ये. त्याला ६४ बिटांचं रूप २००३ मध्ये एएमडीनं दिलं. त्यामुळे इंटेल सोडून एएमडी घेतला तर या लेखातलं काहीच करावं लागत नाही. दोघांची जात एकच. दुसरा संच एआरएमचा. एकॉर्न या केंब्रिजच्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो घडवला आणि १९८५ मध्ये पहिली चिप चालली. आज तो जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ ही एआरएम चिप आणून मॅक या वाटेला लावले, आणि जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपचे विंडोज लॅपटॉप आले.

मोडीत लिहिलेलं पत्र आणि बाळबोधीत लिहिलेलं पत्र घ्या. मराठी तीच, मजकूर तोच. पण मोडी न येणाऱ्याच्या हातात पहिलं पत्र दिलं तर एक ओळ पुढे सरकणार नाही. एक्स८६ साठी तयार केलेला प्रोग्राम एआरएमपुढे ठेवला की हेच होतं. म्हणून मध्ये एक उतरवून देणारा बसवतात. मॅकवर त्याचं नाव रोझेटा २; तो बहुतेक वेळा अख्खं पत्र आधीच उतरवून ठेवतो. विंडोज ११ मध्ये २०२४ पासून त्याचं नाव प्रिझम. तो वाचता वाचता उतरवतो आणि उतरवलेलं पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो. दोघंही आपल्या कामात तरबेज.

पण दोघांनाही प्रवेश ओटीपर्यंतच, माजघरात नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जे चालतं ते थेट एआरएमसाठीच बनवलेलं असावं लागतं. ड्रायव्हर बहुधा तिथेच राहतो. माझा स्कॅनर गप्प होता तो यामुळे.

आत्ता हातात काय आहे ते पाहा

विंडोजवर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. ‘सिस्टिम टाइप’समोर एक्स६४ (एक्स८६ चंच ६४ बिटांचं रूप) दिसलं तर जुनी जात, एआरएम दिसलं तर नवी. मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ बघा: एम१, एम२ असं काही असेल तर तुम्ही आधीच पलीकडे पोचला आहात, इंटेलचं नाव असेल तर पुढे वाचा.

यादी: स्टार्ट मेन्यूवरून नको, आठवड्याच्या वापरावरून

स्टार्ट मेन्यूत निम्मा पाचोळा असतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरशेजारी एक कागद ठेवा आणि आठवडाभर जे उघडाल, जे जोडाल ते लिहीत जा. वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट आठवून घाला. घोळ होतो तो नेमका तिथेच.

मग प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: एआरएमची स्वतंत्र आवृत्ती आहे, उतरवून चालेल, किंवा शंका आहे. पहिल्या दोन खुणांवर फार वेळ घालवू नका. प्रमुख ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ कॉलची ॲप्स यांच्या एआरएम आवृत्त्या कधीच आल्यात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टींना तर प्रोसेसरशी देणंघेणंच नाही. फोटो, कागदपत्रं, गाणी, युनिकोड फॉन्ट ही सगळी माहिती. ती जशीच्या तशी जाते.

सगळं लक्ष तिसऱ्या खुणेवर द्या. प्रिंटर आणि स्कॅनर आधी. प्रिंटर अलीकडचा, नेटवर्कवर चालणारा असेल आणि त्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं असेल, तर कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय भागतं. जुना यूएसबीवाला असेल तर कंपनीच्या डाउनलोड पानावर ‘एआरएम६४’ हा शब्द शोधा. नुसतं ‘विंडोज ११ वर चालतो’ असं लिहिलेलं पुरत नाही. मी त्याच वाक्यावर विसंबलो होतो.

त्यानंतर ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) आणि अँटिव्हायरस. ही मंडळी माजघरात वावरणारी, त्यामुळे त्यांची एआरएम आवृत्ती लागतेच. व्हीपीएन ऑफिसनं दिलेलं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना लेखी विचारा. हिशेबाचं किंवा डिझाइनचं एखादं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेली छोटी कांडी) लावल्याशिवाय उघडत नसेल, तर डोंगललाही ड्रायव्हर लागू शकतो, हे विसरलं जातं. ऑनलाइन खेळांमधली फसवेगिरी पकडणारी यंत्रणाही पुष्कळदा कर्नलमध्येच असते. खेळ उतरवून चालला तरी ती अडवते.

आपल्यासारख्यांना खास पाहण्याची गोष्ट म्हणजे टायपिंगचं साधन. विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड वापरत असाल तर निर्धास्त राहा. बाहेरून घेतलेलं इनपुट साधन मात्र सिस्टिमच्या आत जाऊन बसतं, आणि एआरएम विंडोज आपल्या आत परक्या जातीचा घटक घेत नाही. राइट क्लिकच्या मेन्यूत स्वतःची ओळ घालणारी छोटी साधनंही याच कारणानं गायब होतात. प्रोग्राम उघडतो, पण मेन्यूतली ओळ दिसत नाही, आणि माणूस तासभर सेटिंग्ज उकरत बसतो.

आणखी एक खाच प्लगइनची, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या पुरवणीची. संगीताचं सॉफ्टवेअर एआरएमचं आणि त्यातलं प्लगइन इंटेलचं, ही जोडी सहसा जमत नाही. मॅकवर मूळ सॉफ्टवेअरच्या ‘गेट इन्फो’मध्ये जाऊन ‘ओपन यूझिंग रोझेटा’वर खूण केली, की दोघं एकाच लिपीत येतात. वेग थोडा जातो, काम अडत नाही.

यादी तपासताना जुन्या परीक्षणांवर भरवसा ठेवू नका. एआरएमसाठीच्या २०१२ च्या विंडोज आरटीमध्ये उतरवणारा नव्हताच. नेहमीची विंडोज सॉफ्टवेअर त्यावर टाकताच येत नसत. विंडोज १० मध्ये तो आला, पण फक्त ३२ बिटी प्रोग्रामांपुरता. ६४ बिटींसाठी २०२१ चं विंडोज ११ उजाडावं लागलं. ‘एआरएमवर काही चालत नाही’ ही समजूत त्या काळातली.

तिसऱ्या खुणेत एखादी अशी गोष्ट अडकली, जिच्याविना तुमचं पोट चालत नाही, तर सरळ एक्स८६ लॅपटॉप घ्या. एआरएमची बॅटरी चांगली टिकते, लॅपटॉप कमी तापतो, हे खरं; पण त्यासाठी चालतं काम मोडण्यात शहाणपण नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नवं मशीन घ्यावं लागत असेल, तरी ते एआरएमच घ्यावं असं कुठेच म्हटलेलं नाही. मॅकवाल्यांना ही निवड उरलेली नाही.

घेणार असाल तर मेमरी पुढच्या काही वर्षांचा विचार करून घ्या. ॲपलच्या एम मालिकेत ती चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एआरएम विंडोज लॅपटॉपमध्येही बहुधा तीच गत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा बेत असेल तर नेमक्या त्या मॉडेलवर तो चालतो का ते आधी बघा. जुन्या पीसीत कुठलाही पेनड्राइव्ह घुसवून लिनक्स सुरू करायची जी सवय लागलेली आहे, ती इथे दगा देते.

सामान हलवताना

विंडोजवर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन किंवा सिस्टिम इमेज, नव्या मशीनवर उतरवू नका. त्यात अख्खं एक्स८६ विंडोज असतं. एआरएमवर ते सुरूच होणार नाही. फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, प्रोग्राम नव्यानं टाका. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना एकाच मशीनला बांधलेला आहे, ते जुन्यावरून आधी डीॲक्टिव्हेट करा.

मॅकवर मायग्रेशन असिस्टंट प्रोग्रामांसकट सगळं आणतो. सोय मोठी, पण इंटेलच्या जुन्या आवृत्त्याही सोबत येतात आणि रोझेटावर निमूट चालत राहतात. मॅक मंदावल्यासारखा वाटला की पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

आठवड्यानं एकदा झडती

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘आर्किटेक्चर’ निवडा. एआरएम६४ लिहिलेले प्रोग्राम आपले. एक्स६४ किंवा एक्स८६ लिहिलेले उतरवून चालताहेत. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या सीपीयू भागात ‘काइंड’ या कॉलममध्ये ॲपल की इंटेल ते कळतं. माझ्याकडे या झडतीत एक क्लाउड बॅकअपचं ॲप इंटेलचं निघालं. ते काढून कंपनीच्या पानावरून एआरएमचं टाकलं, दोन मिनिटांचं काम.

ही सफाई करायचीच, कारण उतरवणारा जन्मभर सोबत राहत नाही. ॲपलनं २००६ मध्ये पॉवरपीसी या आधीच्या प्रोसेसरवरून इंटेलवर जाताना पहिला रोझेटा दिला आणि मॅकच्या २०११ च्या ‘लायन’ आवृत्तीत काढून घेतला. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की इंटेल मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६, आणि रोझेटा २ मॅकओएस २७ पर्यंत. त्यानंतर तो काही जुन्या खेळांपुरताच. म्हणजे मॅकवर तिसऱ्या खुणेबरोबरच दुसऱ्या खुणेकडेही अधूनमधून बघावं लागेल.

जुनं मशीन लगेच विकू नका. निदान ती वर्षातून एकदाची कामं एकदा पार पडू द्या. माझा जुना लॅपटॉप आता फक्त स्कॅनरपुरता उरलाय. त्यावरचं एक फोल्डर घरच्या नेटवर्कवर शेअर केलंय. कागद काचेवर ठेवला, बटण दाबलं, खर्रर्र झालं, की मिनिटभरात फाइल नव्या लॅपटॉपवर दिसते.