गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरताना

चाकवत, रानमोहरी, गाजरगवत अशा रुंद पानांच्या तणांवर २,४-डी हे जुने आणि स्वस्त तणनाशक आजही उत्तम चालते. वनस्पतीतील ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करते, त्यामुळे तणाची वाढ बेताल होऊन काही तासांतच शेंडे पिळवटतात, देठ वाकतात आणि दोन-तीन आठवड्यांत झाड वाळते. गहू हे द्रव्य पचवून निष्प्रभ करतो, म्हणून तगतो. पण याच कारणाने गवतवर्गीय तणेही वाचतात. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याचे आंतरपीक असेल, तर हे औषध वापरूच नये.

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आल्यावर परंतु कांडी धरण्यापूर्वी (खोड उंच वाढू लागण्यापूर्वी), जमिनीत वाफसा असताना फवारणी करावी. घाई केल्यास ओंब्या वेड्यावाकड्या निघतात आणि उशीर केल्यास दाणे नीट भरत नाहीत.

२,४-डीच्या अमाइन क्षार या प्रकाराचे ५८ टक्के द्रावण वापरल्यास हेक्टरी ५०० ते ७५० ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे एकरी सुमारे ३५० ते ५२० मिलि औषध, २०० लिटर पाण्यातून द्यावे लागते. १५ लिटरच्या पंपाने एकराला १३ पंप लागत असतील, तर पंपाला २७ ते ४० मिलि पडते. मात्र आपल्या चालीने खरोखर किती पंप लागतात, हे आधी साध्या पाण्याने पाहावे. बहुतेकांची मात्रा इथेच चुकते. पाणी जड असल्यास परिणाम घटतो. डब्यावरील लेबलची मात्रा वेगळी असेल, तर तीच पाळावी.

खरी जोखीम शेजारच्या शेताची असते. द्राक्ष, टोमॅटो आणि फरदड ठेवलेली (वेचणीनंतर पुन्हा बोंडांसाठी राखलेली) कपाशी अगदी अल्प अंशानेही बिघडते. कपाशीची नवी पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात. २,४-डीच्या एस्टर या दुसऱ्या प्रकाराची उन्हात वाफ होऊन ती दूर जाते, म्हणून अशा शिवारात तो टाळावा. वारा संवेदनशील पिकाकडे वाहत असताना फवारू नये, तसेच पहाटेच्या पूर्ण निवांत हवेतही नको, कारण बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात. फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणारे) नोझल पिकाच्या जवळ धरावे आणि दाब कमी ठेवावा.

अमाइन क्षार डोळ्यांना गंभीर इजा करतो, त्यामुळे औषध मोजतानाच चष्मा व हातमोजे हवेत. तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच ठेवावा. नुसत्या पाण्याने विसळलेल्या पंपातून पुढे कपाशीवर कीटकनाशक मारले, तरी पाने आकसतात.