शेतीचं उत्सर्जन: देशोदेशीचे आकडे मांडताना या चुका टाळा

कोणत्या देशाच्या शेतीतून किती हरितगृह वायू सुटतो याचा तक्ता करायला हल्ली अर्धा तास पुरतो. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) संकेतस्थळावरून एक रकाना, देशाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या राष्ट्रीय अहवालातून दुसरा, दोन्ही शेजारी चिकटवले की आलेख तयार. मग तो घेऊन भांडायला मोकळे. रकान्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचा कंटाळा, बहुतेक चुकांचं मूळ एवढंच.

गुणक न बघता बेरजा ताडणं

मिथेनचं तापवणं कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडायचा गुणक आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांचं हवामान-विज्ञान मंडळ) दुसऱ्या अहवालात 21 होता, चौथ्यात 25 झाला, पाचव्यात 28. नायट्रस ऑक्साइडचा मात्र 310 वरून 298 आणि मग 265 असा उतरला. विकसित देश 2015 पासून चौथ्या अहवालाचे गुणक वापरत आले; भारताने 2016 सालचे आकडे दिले ते दुसऱ्या अहवालाच्या गुणकांनी. म्हणजे 100 टन मिथेन आपल्या तक्त्यात 2,100 टन आणि युरोपच्या तक्त्यात 2,500 टन. गाय तीच, ढेकर तोच. पॅरिस कराराखालच्या अहवालांत आता सगळ्यांना पाचव्या अहवालाचे शंभर वर्षांचे (वायू शंभर वर्षांत किती तापवतो त्यावर काढलेले) गुणक बंधनकारक आहेत, पण जुने अहवाल छापले तसेच पडून आहेत, आणि लोक उचलतात ते तेच.

उपाय कंटाळवाणा आहे. तिन्ही वायू वजनात, तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा, गुणाकार अगदी शेवटी करा आणि गुणक त्याच पानावर लिहा. राष्ट्रीय अहवालांत वायूनिहाय तक्ते असतात. शोधायला दहा मिनिटं लागतात, ती द्या. ते बहुधा गिगाग्रॅममध्ये असतात, एक गिगाग्रॅम म्हणजे हजार टन.

शेताचा बांध कुठे आहे ते न ठरवणं

ही चूक शिकाऊ माणसंच करतात असं नाही. 2006 मध्ये एफएओच्या अहवालाने जगाच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा 18 टक्के, म्हणजे वाहतुकीपेक्षा जास्त, असा मांडला. वाक्य जगभर गाजलं. पण पशुपालनाच्या पारड्यात चाऱ्या-कुरणांसाठी तोडलेलं जंगल, चाऱ्याला घातलेलं खत, ते खत बनवताना जळालेलं इंधन असं सगळं टाकलं होतं. वाहतुकीच्या पारड्यात फक्त गाड्यांत जळालेलं इंधन. गाडी बनवायला लागलेलं पोलादसुद्धा नाही. 2010 मध्ये अहवालाच्या एका लेखकाने ही तुलना सारख्याशी सारखी नव्हती हे मान्य केलं. 2013 मध्ये एफएओने नव्या हिशेबाने 14.5 टक्के सांगितले, तेही चाऱ्यापासून बाजारापर्यंतचं सगळं धरूनच. भाषणांत अजून 18 फिरतोय.

राष्ट्रीय अहवालाच्या ‘शेती’ प्रकरणात ट्रॅक्टरचं डिझेल आणि पंपाची वीज नसते, ती ऊर्जेत जाते. खत कारखाना उद्योगात. ब्राझीलमध्ये कुरणासाठी जंगल तोडलं तर ते जमीन-वापराच्या प्रकरणात. म्हणून नुसतं ‘शेती’ प्रकरण उचलून ब्राझील आणि आयर्लंड शेजारी ठेवले की ब्राझीलचं मोठं ओझं पानाबाहेर राहतं. काड जाळल्याचा कार्बन डायऑक्साइडही शेतीत धरत नाहीत, पुढचं पीक तो परत ओढून घेतं म्हणून. त्यातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात.

तयार गुणांक डोळे मिटून वापरणं

गुणांक म्हणजे एका जनावरामागे वर्षाला सुटणारा वायू. आयपीसीसीच्या 2006 च्या कोष्टकात भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला 58 किलो मिथेन दिलं आहे. भारताच्या स्वतःच्या हिशेबात दुभती देशी गाय 28, संकरित 43, म्हैस 50. एफएओ सगळ्या देशांना एकच सोपी पद्धत लावते, म्हणून तिचा आणि आपला आकडा जुळत नाही. यात कोणी खोटं बोलत नसतं. दोन देश ताडायचे तर दोन्हीकडे एकच पद्धत घ्या.

गुणांक वर्षभराचा असतो, पण ब्रॉयलर 42 दिवसच जगतो. वर्षाला 60,000 पक्षी म्हणजे हिशेबाला 60,000 × 42 ÷ 365, सुमारे 6,900.

भाताखालची जमीन वेगळी आणि कापणी झालेलं क्षेत्र वेगळं. खरीप-उन्हाळी दोन्ही घेतले तर तेच खाचर दोनदा मोजायचं.

खाचरातली मोजणी घाईने उरकणं

कोष्टकं शेवटी कोणाच्या तरी खाचरातून येतात, आणि तिथली घाई मग सगळ्या देशाच्या आकड्यात उतरते. तिथे भातावर बंद खोकं ठेवून आतली हवा ठराविक मिनिटांनी सिरिंजने काढतात आणि मिथेन किती चढलं ते बघतात. या खोक्याची चौकट आदल्या दिवशीच चिखलात रोवा. उभं राहायला बांधापासून फळी टाका. खाचरात थेट उतरलात की पायाखालचे बुडबुडे फुटतात आणि शून्य मिनिटाच्या नमुन्यातच मिथेन चढतं. बाहेरच्या हवेत ते 2 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 2 भाग) आसपास असतं. पहिल्याच सिरिंजला 15 आलं तर तो भाताचा वायू नाही, तुमच्या पायाचा आहे. नमुना टाकून द्या. सरळ रेषेत बसवायची खटपट करू नका.

दुसरी गोम उंचीची. चौकट मातीवर 10 सेंटिमीटर, वर खोकं 50, म्हणजे 60. पण खाचरात 8 सेंटिमीटर पाणी असेल तर हवा उरते 52 ची. साठ धरलं की उत्सर्जन 15 टक्क्यांनी फुगलं. पाणी रोज बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी पट्टी बुडवून आकडा कुपीच्या चिठ्ठीवरच लिहावा. ‘नंतर वहीत लिहू’ म्हणणाऱ्याच्या वहीत तो कधीच सापडत नाही.

पाणी तोडून-देऊन मिथेन घटवणाऱ्यांनी नायट्रस ऑक्साइडही मोजावा, कारण खाचर सुकलं की तो वाढतो. युरियाचा हप्ता पडल्यावर त्याची उसळी काही दिवसांत येऊन जाते. दर सोमवारी फेरी मारणाऱ्याला ती दिसतच नाही, म्हणून हप्त्यानंतर आठवडाभर रोज जा. हिशेबात नत्र आणि नायट्रस ऑक्साइड यांची गल्लतही नको: 100 किलो युरियात 46 किलो नत्र, उदाहरणादाखल त्याचा 1 टक्का 0.46 किलो, आणि तो 44 ÷ 28 ने (नायट्रस ऑक्साइडचा रेणुभार भागिले त्यातल्या नत्राचा भार) गुणल्यावर 0.72 किलो नायट्रस ऑक्साइड. शेवटचा गुणाकार विसरलात तर 36 टक्के उत्सर्जन कागदावरच गायब.