पहिली किल्ली चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या

परदेशात नव्याने आलेली आपली मंडळी पहिली गाडी बहुधा वापरलेलीच घेतात, आणि विकणाऱ्याकडून पुष्कळदा एकच किल्ली मिळते. घर, शाळा, लायसन्स या धावपळीत दुसऱ्या किल्लीचं राहून जातं. ते राहू देऊ नका. एक चालू किल्ली हाताशी असताना दुसरी गाडीशी जोडणं सोपं असतं. एकही नसेल, तर गाडी उचलून न्यावी लागू शकते आणि खर्च कितीतरी वाढतो.

किल्ली बिघडली की आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. आजच्या किल्लीत धातूचं पातं, दारं उघडणारा रिमोट आणि इंजिन सुरू व्हायला परवानगी देणारी चिप असते. रिमोट अगदी जवळ गेल्यावरच चालत असेल तर बहुधा सेल उतरलाय. पुष्कळ किल्ल्यांत ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. तरी जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा आणा. चिपला सहसा सेल लागत नाही, म्हणून फिरवायच्या किल्लीचा रिमोट मेला तरी गाडी सुरू होते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटमध्ये लपवलेली छोटी किल्ली ओढून काढा, दार उघडा आणि गाडी सुरू करायच्या बटणाला रिमोट टेकवून बघा. काही गाड्यांत रिमोट टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

सेल बदलूनही फरक पडला नाही तर दुसरी किल्ली लावून बघा. ती चालली तर दोष किल्लीचा, तीही अडली तर गाडीचा. एकाच किल्लीवर हा निवाडा होत नाही आणि नको तिथे पैसे जातात.

नवी किल्ली कंपनीच्या शोरूममध्ये होते, तशीच गाड्यांच्या किल्ल्या बनवणाऱ्या कारागिराकडेही; तो सहसा दारात येऊन करून देतो. ओळखपत्र आणि गाडीचे कागद दोघेही मागतात, म्हणून गाडी स्वतःच्या नावावर करायला उशीर करू नका. पातं कापणं आणि चिप जोडणं दोन्ही सांगितलेल्या रकमेत आहे का, हे आधीच विचारा. स्वस्त मिळतोय म्हणून दुसऱ्या देशातून रिमोट मागवू नका: रिमोटच्या रेडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना ३१५ मेगाहर्ट्झ लागते, तर युरोपात ४३३. वापरलेला रिमोटही टाळा. बरेचसे पहिल्या गाडीशीच बांधलेले असतात.

किल्ली हरवली असेल तर नवी जोडताना जुनीची नोंद गाडीतून पुसायला सांगा. नाहीतर ती ज्याला सापडेल त्याच्यासाठी गाडी उघडीच.

जादा किल्ली गाडीत ठेवू नका, रोजच्या जुडग्यात तर नकोच. घरात ठेवा, पण किल्ली नुसती खिशात असली तरी उघडणारी (बिनकिल्लीची) गाडी असेल तर बाहेरच्या दारापासून लांब, कारण चोर तिचा सिग्नल बाहेरून पकडून गाडीपर्यंत पोचवतात. मधूनमधून त्याच किल्लीने गाडी सुरू करून बघा, म्हणजे तिचा सेल उतरला असेल तर वेळेत कळेल.