डिस्नेचे पॉइंट्स रिसेलमध्ये घेताना: उशीर कुठे होतो आणि त्याची झळ कशी टाळायची

डिस्ने व्हेकेशन क्लब म्हणजे डिस्नेचं टाइमशेअर: दरवर्षी ठरावीक पॉइंट्स मिळतात आणि ते देऊन रिसॉर्टमधल्या खोल्या बुक करायच्या. त्याचं कॉन्ट्रॅक्ट आधीच्या मालकाकडून, म्हणजे रिसेलमध्ये, घेणार असाल तर सही केल्यापासून पॉइंट्स आपल्या खात्यात दिसेपर्यंत दोन ते तीन महिने जातील असं धरूनच चाला. त्याआधी झालं तर उत्तम. पण हा कागद ब्रोकर, डिस्ने, टायटल कंपनी (मालकी हस्तांतराची कागदपत्रं करणारी) आणि विकणारा अशा चार ठिकाणी फिरतो आणि त्यातल्या कुणालाच आपल्याइतकी घाई नसते.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. सासू-सासरे मिरजेहून आले की सहा जणांचं कुटुंब होतं. हॉटेलच्या दोन खोल्यांत विखुरण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा व्हिला बरा, सासऱ्यांना संध्याकाळी वरण-भात मिळतो, कपडे धुवायचं मशीन आतच असतं, म्हणून आम्ही या वाटेला गेलो. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं, की लवकर व्हावं म्हणून काय करायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. लवकर होण्यासाठी आपल्या हातात फार थोडं आहे. उशीर झाला तरी आपलं नुकसान होणार नाही असं कॉन्ट्रॅक्ट निवडणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि ते काम सही करण्याआधीच करायचं असतं.

त्यासाठी आधी युज इयर समजून घ्या. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला एक महिना ठरलेला असतो: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर किंवा डिसेंबर. त्या महिन्याच्या १ तारखेला वर्षाचे पॉइंट्स मिळतात आणि पुढच्या वर्षी त्याच्या आदल्या दिवशी संपतात. वापरायचे नसतील तर पहिल्या आठ महिन्यांत ते बँक करायचे, म्हणजे पुढच्या वर्षात ढकलायचे. आठ महिने उलटले की ती सोय बंद.

आता ऑगस्टचं कॉन्ट्रॅक्ट घ्या. बँक करायची शेवटची तारीख ३१ मार्च. जाहिरातीत लिहिलेलं असतं, चालू वर्षाचे १६० पॉइंट्स शिल्लक. तुम्ही जानेवारीच्या मध्यावर सही केलीत. डिस्नेच्या निर्णयात फेब्रुवारीचा मध्य उजाडला, कागदपत्रांत मार्च गेला, आणि खातं तुमच्या नावावर झालं तेव्हा एप्रिल उजाडलेला. ते १६० पॉइंट्स आता ३१ जुलैपर्यंत वापरा, नाहीतर सोडून द्या. आणि एप्रिलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या चांगल्या खोल्या केव्हाच गेलेल्या असतात. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, कॉन्ट्रॅक्टही वाईट नाही. पण जे पॉइंट्स आहेत म्हणून तुम्ही जास्त किंमत दिलीत, ते हातातून गेले.

म्हणून ऑफर देतानाच ब्रोकरला लिहून कळवा, की विकणाऱ्याने चालू वर्षाचे पॉइंट्स मुदतीच्या आत बँक करून द्यावेत, आणि हे वाक्य कॉन्ट्रॅक्टमध्ये यावं. तोंडी कबुलीवर विसंबू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की एकदा बँक केलेले पॉइंट्स पुन्हा बँक करता येत नाहीत. एखाद्या जाहिरातीत आधीच बँक केलेले पॉइंट्स दिसले तर ते चालू युज इयर संपेपर्यंतच चालतात. त्याला तीन-चार महिनेच उरले असतील तर त्या पॉइंट्सची किंमत शून्य धरून ऑफर द्या.

दुसरी तारीख बुकिंगची. ज्या रिसॉर्टचं कॉन्ट्रॅक्ट, तिथे अकरा महिने आधी बुकिंग करता येतं, बाकी ठिकाणी सात महिने आधी. न्यू जर्सीतल्या पालकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनामुळे इथल्या शाळांना सुट्टी असते आणि निम्मी जर्सी ऑरलँडोत उतरते. त्या आठवड्याच्या खोल्या आपल्या रिसॉर्टला हव्या असतील तर पॉइंट्स आदल्या डिसेंबरच्या सुरुवातीला खात्यात हवेत. ऑक्टोबरात कॉन्ट्रॅक्टवर सही करून हे जमेल अशी आशा धरू नका. उन्हाळ्यात खरेदीला लागा, किंवा ती पहिली सुट्टी हॉटेलात काढायची असं घरात आधीच ठरवून टाका. मिरजेहून येणाऱ्यांची विमानाची तिकिटं पॉइंट्सच्या भरवशावर काढायची नाहीत हा आमच्याकडे नियमच आहे.

जाहिरात आवडली की किमतीवर घासाघीस सुरू करण्याआधी ब्रोकरला काही गोष्टी विचारा, कारण सगळ्यात लांब उशीर विकणाऱ्याच्या बाजूने होतो. डीडवर, म्हणजे मालकीच्या खतावर, किती नावं आहेत? सगळे हयात आहेत का, आणि सही करायला तयार आहेत का? घटस्फोट झालेला असेल तर दोघांची सही लागते किंवा कोर्टाचा कागद लागतो. मालक वारला असेल तर वारसांची कोर्टातली प्रक्रिया पूर्ण झाली आहे का? झाली नसेल तर ते कॉन्ट्रॅक्ट कितीही स्वस्त असलं तरी आपण थांबायचं नाही, दुसरं बघायचं. विकणारा अमेरिकेत राहतो की बाहेर? क्लबचे बरेच सभासद कॅनडा आणि ब्रिटनमध्ये आहेत. परदेशी विकणाऱ्याच्या बाबतीत इथल्या आयकर खात्याचे कपातीचे नियम येतात, त्याच्याकडे इथला टॅक्स नंबर नसेल तर तो काढण्यात वेळ जातो, आणि नोटरीसाठी वकिलातीची वेळ घ्यावी लागू शकते. कॉन्ट्रॅक्टवर कर्ज शिल्लक आहे का, हेही विचारा.

आणि एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही: विकणाऱ्याचं त्याच पॉइंट्सवर काही बुकिंग आहे का? असेल तर त्याची सुट्टी होईपर्यंत क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पुरा होणं, पुढे ढकललं जातं. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं, 'क्लोजिंग अमुक तारखेनंतर' असं. ती तारीख पाच महिन्यांनंतरची असू शकते.

सही झाली, अनामत एस्क्रोत (व्यवहार होईपर्यंत तिऱ्हाइताकडे पैसे ठेवायचं खातं) भरली, की ब्रोकर कॉन्ट्रॅक्ट डिस्नेकडे पाठवतो. इथे ज्याला सगळे रोफर म्हणतात तो टप्पा येतो. तुम्ही ठरवलेल्या किमतीला आणि अटींवर ते कॉन्ट्रॅक्ट स्वतः विकत घ्यायचा पहिला हक्क डिस्नेचा असतो. निर्णयाला तीस दिवस धरा. त्यांनी घेतलं तर तुमची अनामत परत मिळते आणि पुन्हा शोधापासून सुरुवात. कारण सांगितलं जात नाही. बाजारभावापेक्षा फारच कमी किमतीत सौदा जमला असेल तर ते उचलण्याची शक्यता वाढते, एवढं म्हणता येतं. त्यापुढचे अंदाज बांधत बसू नका. ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट असं गेलं त्यांची हळहळ मी पाहिली आहे. महिनाभर मुलांना रिसॉर्टचे फोटो दाखवलेले असतात. म्हणून या टप्प्यावर मुलांना काही सांगू नये. डिस्नेला फोन करण्यातही अर्थ नाही, तिथलं कुणी तुमच्याशी या विषयावर बोलणार नाही, कारण तुम्ही अजून त्यांचे कुणी नसता. हा वेळ कॉन्ट्रॅक्ट बारकाईने वाचण्यात घालवा: रद्द करण्याची मुदत, क्लोजिंगची शेवटची तारीख, आणि या वर्षीचे ड्यूज, म्हणजे देखभालीची वार्षिक वर्गणी, कुणी भरायचे. ड्यूजचा हिशोब कॅलेंडर वर्षाने होतो. व्यवहार डिसेंबरातून जानेवारीत सरकला तर नव्या वर्षाचे ड्यूज येऊन हिशोब बदलतो, तेव्हा ती रक्कम बाजूला ठेवा.

रोफर पार पडलं की लोकांना वाटतं, झालं. खरं ताटकळणं इथून सुरू होतं. टायटल कंपनी डिस्नेकडून एस्टॉपेल मागवते. कॉन्ट्रॅक्टवर आज नेमके किती पॉइंट्स आहेत, ड्यूज थकले आहेत का, कर्ज आहे का, हे सांगणारा तो अधिकृत कागद. त्याला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. त्याची प्रत मागून घ्या आणि जाहिरातीशेजारी ठेवून आकडे ताडून पाहा. मधल्या काळात विकणाऱ्याने पॉइंट्स वापरले असतील तर ते इथेच कळतं, आणि किंमत कमी करून मागायची किंवा बाहेर पडायची हीच वेळ असते. पैसे गेल्यावर कुणी ऐकत नाही.

मग डीडचा मसुदा येतो. आपल्या माणसांनी इथे डोळ्यांत तेल घालून वाचायचं. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि इथल्या कारकुनाला ते कळत नाही. पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं, बँकेत फक्त आद्याक्षर, असं बऱ्याच घरांत असतं. आमच्या टायटल कंपनीने पाठवलेल्या मसुद्यात माझ्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसवलं होतं आणि खरं आडनाव मध्ये गेलं होतं. नोंदणीआधी ती दुरुस्ती एका ईमेलने झाली. नोंदणीनंतर दुरुस्तीचं नवं डीड करावं लागतं, आणि त्यासाठी पैसे घेऊन मोकळ्या झालेल्या विकणाऱ्याच्या मागे सहीसाठी लागावं लागू शकतं. तेव्हा पहिल्याच दिवशी दोघांची नावं सरकारी ओळखपत्रावर आहेत तशी, पहिलं नाव कोणतं, मधलं कोणतं, आडनाव कोणतं असं वेगवेगळं लिहून कळवा. तुम्ही आधीच सभासद असाल आणि नवे पॉइंट्स त्याच खात्यात हवे असतील तर युज इयर तोच हवा आणि डीडवरची नावं आधीच्या डीडशी तंतोतंत जुळायला हवीत. एक आद्याक्षर कमी-जास्त झालं तरी वेगळं खातं उघडलं जाण्याचा धोका असतो, आणि दोन खात्यांतले पॉइंट्स एकत्र वापरणं मग कटकटीचं होऊन बसतं.

आपल्या वाट्याचं काम आल्या दिवशी करा: सही, ओळखपत्राची प्रत, उरलेले पैसे. वायरने पैसे पाठवण्याआधी टायटल कंपनीला फोन करून खातेक्रमांक पडताळा, आणि तो फोन ईमेलमध्ये आलेल्या नंबरवर नको, कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या नंबरवर करा. ईमेल घुसखोरी करून खोटे खातेक्रमांक पाठवण्याचे प्रकार घरखरेदीत होतात तसेच इथेही होतात, आणि गेलेले पैसे परत मिळणं महाकठीण.

विकणाऱ्याला डीडवर नोटरीसमोर सही करावी लागते, आणि फ्लोरिडात दोन साक्षीदारही लागतात. इथे घोडं अडतं. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, टायटल कंपनीला एकच प्रश्न विचारणारा ईमेल पाठवा: 'विकणाऱ्याचे कागद आले का, नसतील तर कधी पाठवले होते?' रोज फोन केल्याने काम पुढे सरकत नाही, पण आठवड्याच्या पाठपुराव्याने तुमची फाईल वर राहते. उत्तर आलं नाही तर ब्रोकरला सांगा. त्याचं कमिशन क्लोजिंगवर अवलंबून असल्याने तो विकणाऱ्याला हलवतो.

पैसे आणि कागद दोन्ही आले की क्लोजिंग, आणि डीड नोंदणीला जातं. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या रिसॉर्टसाठी ही नोंद ऑरलँडोच्या ऑरेंज काउंटीत, कॉम्प्ट्रोलरच्या कार्यालयात होते. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदी फुकट शोधता येतात. आपलं आडनाव टाका. आपल्याकडची आडनावं तिथे इतकी थोडी आहेत की असेल तर लगेच सापडतं. डीड दिसलं की प्रत उतरवून ठेवा आणि ते डिस्नेकडे पाठवलं का, एवढंच टायटल कंपनीला विचारा. नोंद होऊनही डीड कुणाच्या तरी टेबलावर आठवडाभर पडून राहू शकतं.

यानंतर डिस्नेकडे खातं बदलायला आणखी एक-दोन आठवडे लागतात. नव्या सभासदाला सभासद क्रमांक मिळतो, मग ऑनलाइन खातं उघडता येतं. कधी खातं उघडतं पण पॉइंट्स शून्य दिसतात. घाबरू नका, ते काही दिवसांनी चढतात. चढले की एस्टॉपेल समोर धरून प्रत्येक वर्षाचा आकडा जुळवा. फरक असेल तर त्याच दिवशी टायटल कंपनी आणि ब्रोकर दोघांना एस्टॉपेलच्या प्रतीसह लिहा. जुळले असतील तर बँक करायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसकट टाका. आणि रिव्हिएरा किंवा त्यानंतर आलेली डिस्नेलँड हॉटेलमधली व्हिला आणि फोर्ट विल्डरनेसच्या केबिन्स बुकिंगमध्ये दिसत नसतील तर ती चूक समजून फोन करू नका. १९ जानेवारी २०१९ पासून रिसेलमध्ये घेतलेल्या जुन्या चौदा रिसॉर्टांच्या पॉइंट्सवर ती मिळतच नाहीत. बाकीची मिळतात, तेव्हा पहिलं बुकिंग त्याच संध्याकाळी करून टाका.