घरच्या घरी रोल-ऑन परफ्युम, घामट हवेसाठी

आपल्याकडे ठाण्यात एप्रिल-मेला स्टेशन गाठेपर्यंतच घामाच्या धारा लागतात, त्यात स्प्रे मारला की वाशी लोकलमध्ये शेजारचा नाक मुरडणार, त्यापेक्षा रोल-ऑन करा. 10 मिलीची काचेची बाटली, त्यात जोजोबा ऑइल (जोजोबाच्या बियांचं, जवळजवळ बिनवासाचं तेल; केसांचं खोबरेल नको, त्याचाच वास वर येतो) आणि इसेन्शियल ऑइलचे (म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाचे) सगळे मिळून 6 थेंब, जास्त नाही. वाळा 2, लॅव्हेंडर 2, संत्रं 2. वाळा आधी घाला, तो जाड असतो, थेंब लवकर सुटतच नाही, घाई केली की तीन-चार एकदम पडतात आणि मग सगळं माठातल्या पाण्यासारखं वासायला लागतं. संत्र्याचा वास पटकन उडतो, वाळा मागे रेंगाळतो, म्हणून तो हवाच.

बाटली हलवून आठवडाभर कपाटात अंधारात ठेवा, वास मुरतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, खाज आली तर सोडून द्या. आणि लिंबू किंवा बर्गमॉटचं (हे लिंबा-संत्र्याच्या जातीचंच एक फळ) तेल लावून उन्हात जाऊ नका हं, कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग पडतात. बाटलीवर ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते इसेन्शियल ऑइल नाही, बहुतेक कृत्रिम सुगंध असतो, स्वस्त मिळतं म्हणून उचलू नका.